रंगीत तालीम

उद्घाटनाला आठ दिवस होते.
कोमलानसाहेब, लोमेहून आलेले आम्हाला शिकवायला,
म्हणाले, आज रात्री तुम्हीच पाहुणे.
प्रत्येकाला खोली, सोबत एक माणूस,
सकाळी फॉर्म भरून द्यायचा.

मी धुलाईखात्यातली. मला पाचशे बारा.
नवरा म्हणाला, बूट घालून झोपायला मला नाही जमणार.
म्हणून बिबाता आत्या.

काउंटरवर रुकाया, आमच्याच गल्लीतली.
पहाटे एकाच मोटारसायकलवर आम्ही दाटीने येतो.
ती म्हणाली, "मॅडम, नियामेत आपलं स्वागत. प्रवास कसा झाला?"
आत्या म्हणाली, "ते राहू दे, तुझ्या आईचा गुडघा कसा आहे?"
रुकायाचं हसू हललं,
पण पडलं नाही. चांगलं शिकवलंय.

लिफ्टच्या भिंतींना अजून पुठ्ठे.
आत्याने डोळे मिटून माझा दंड धरला.
पाचव्या मजल्यावर दार उघडलं तशी म्हणाली,
"निघायचं कधी?"

खोलीला रंगाचा वास. टीव्हीवर पातळ प्लास्टिक,
ते काढायचं की नाही कुणी सांगितलं नव्हतं.
चादर मी ओळखली, तिसऱ्या मशीनची.
कोपऱ्यात ती एक चुणी सोडते
कितीही इस्त्री फिरवा.

आत्याने फ्रिजची पिन उपसली, रात्रभर कण्हेल म्हणून.
संडासात पाणी एकदा सोडून पाहिलं, दोनदा सोडून पाहिलं,
मग हात मागे घेतला:
"पुरे. एवढ्यात माझा एक वाफा भिजला असता."

खिडकी उघडत नाही. उघडूच नये अशी केलेली.
बाहेर हरमटान, पीठ चाळल्यासारखी हवा.
पुलावरून गवताचे भारे चाललेले,
उंट नंतर दिसले.
"नदी एवढी वळते?"
जन्मभर आत्याने नदी पाहिली ती गुडघ्याइतकी,
तुंब्याने उपसायची, कांद्याला घालायची, लेट्यूसला घालायची.
आता काचेवर बोट ठेवून ती जागा शोधू लागली.
हा आंबा नाही, तो पलीकडचा.
इथे सेयनीचं खोपटं.
इथून काटेरी कुंपण, इथे शेळी शिरायची ती फट...
बोट थांबलं ते निळ्या तलावावर.
त्यात अजून कुणी उतरलेलं नव्हतं.
एक पोरगा लांब दांड्याच्या जाळीने
पाण्यावरची धूळ गोळा करत होता.

मी वाट पाहिली. वाटलं, रडेल,
नाहीतर चांगली सणसणीत शिवी हासडेल.
ती म्हणाली,
"विहीर मात्र ह्यांनी बरोबर जागी खणलीय."

रात्री तिने गालिच्यावर आपली चटई अंथरली
आणि क्षणात घोरू लागली.
मी तिघांच्या पलंगावर एकटी,
वाळत घातल्यासारखी, डोळे टक्क उघडे.

सकाळी फॉर्म. सेवा कशी वाटली? उत्तम, बरी, असमाधानकारक.
आत्याने सगळ्यांवर खुणा करायला लावल्या,
कुणालाच वाईट वाटू नये म्हणून.
काही सूचना? "आहे. लिही:
तलावाच्या उत्तर कोपऱ्याखाली माझी विहीर आहे, अडीच पुरुष खोल.
नुसती माती लोटून भागत नाही. तिला आधी दगड द्यावे लागतात.
फरशी खचेल. पोरं पोहत असतील.
पाणी गोड होतं, हेही लिही."
मी फ्रेंचमध्ये लिहिलं. गोड हा शब्द दोनदा खोडला,
साखरेसारखं वाटत होतं.
कोमलानसाहेबांनी वाचलं. "फारच मनमोकळा अभिप्राय,"
म्हणाले, आणि फाईल मिटली.

बिलही मिळालं, तालमीचं.
आकडा छापलेला, त्यावर आडवी रेघ.
आत्याने घडी घातली आणि कमरेच्या गाठीत खोचली,
जिथे वाफ्यांच्या भरपाईचा कागद असतो.
मग काय वाटलं कुणास ठाऊक, दोन्ही काढले,
शेजारी शेजारी धरले.
"मला वाचता येत नाही," म्हणाली,
"पण लांबी सारखीच दिसते."

मला वाचता येतं. मी वाचले.
तिसरं मशीन सुरू करायची वेळ झाली होती.